खोक्यावर ट्यूबचा हिशेब छापा

माश्या-डास मारायच्या विजेच्या मशीनच्या खोक्यावर एक आकडा हटकून ठळक छापलेला असतो: इतक्या चौरस फुटांना पुरेसं. तो आकडा कसा काढला, हे मात्र खोक्यावर कुठेच नसतं. चाचणीची खोली उजेडाची होती की अंधारी, मशीन किती उंचीवर होतं, ट्यूब नवी होती की वर्षभर जळलेली, आत सोडलेले कीटक माश्या होत्या की पतंग, यांतली एक गोष्ट बदलली तरी तो आकडा बदलतो. त्यामुळे चौरस फुटांचा दावा खोटाही ठरवता येत नाही आणि खराही. ज्या गोष्टीवर मशीनचं सगळं काम अवलंबून असतं, ती म्हणजे आतला दिवा. त्याबद्दल खोक्यावर फार तर ‘यूव्ही’ एवढी दोन अक्षरं असतात.

घरासाठी विकलं जाणारं मशीन आणि हॉटेल, बेकरी, दूध डेअरी किंवा औषधाच्या कारखान्यात लागणारं मशीन दिसायला भावंडंच. दोन्हीत निळसर दिवा, दोन्हीत जाळी, दोन्हीत खाली ट्रे. म्हणून लोकांचा समज होतो की घरगुती मशीन म्हणजे मोठ्या मशीनची छोटी आवृत्ती, ताकद थोडी कमी एवढंच. हा समज चुकीचा आहे आणि तो तसाच राहण्यात विकणाऱ्यांचा फायदा आहे. तो मोडायचा तर खोक्यावर काय छापायचं याचे नियम हवेत. नियम कोणते हवेत हे सांगण्याआधी मशीनच्या आत काय चालतं ते नीट पाहू.

घरमाशीच्या डोळ्याला सगळ्यात जास्त जाणवतो तो दोन पट्ट्यांतला प्रकाश. एक पट्टा निळा-हिरवा, ४९० नॅनोमीटरच्या आसपासचा (नॅनोमीटर हे प्रकाशाच्या तरंगलांबीचं माप). दुसरा अतिनील, म्हणजे यूव्ही, ३५० नॅनोमीटरच्या आसपासचा, जो माणसाला दिसतच नाही. बंद जागेत अडकलेल्या माशीसाठी अतिनील प्रकाश ही मोकळ्या आकाशाची, म्हणजे बाहेर पडायच्या वाटेची खूण असते. म्हणूनच ती बंद खिडकीच्या काचेवर डोकं आपटत राहते. मशीन तिच्या याच ओढीचा फायदा घेतं.

हा प्रकाश देणारी खरी ट्यूब साध्या फ्लुरोसंट ट्यूबसारखीच बनते. आत पाऱ्याची वाफ असते. त्या वाफेतून वीज गेली की २५४ नॅनोमीटरचा प्रकाश तयार होतो आणि काचेच्या आतून लावलेली पावडर त्याचं रूपांतर करते. घरातल्या दिव्याची पावडर पांढरा प्रकाश देते, कीटकांच्या ट्यूबची पावडर ३५० ते ३७० नॅनोमीटरचा देते. शिसं मिसळलेली बेरियम सिलिकेटची पावडर ३५० च्या जवळ उजळते, युरोपियम मिसळलेली स्ट्रॉन्शियम बोरेटची ३६८ च्या जवळ. चांगल्या ट्यूबच्या टोकाशी ‘बीएल ३६८’ किंवा ‘बीएल ३५०’ असं छापलेलं असतं, ते यावरूनच; बीएल म्हणजे ‘ब्लॅक लाइट’. ‘बीएलबी’ ही तिची बहीण. तिची काच गडद जांभळी असते आणि ती दिसणारा निळा प्रकाश अडवते. नोटा तपासायला किंवा नाट्यगृहात कपडे चमकवायला ती ठीक. कीटकांसाठी मात्र ही महाग काच काहीच जास्त देत नाही, उलट उपयोगाचा थोडा प्रकाश खाते. तरी ‘जांभळा म्हणजे जास्त जोरदार’ या समजुतीवर ती खपते.

स्वस्त घरगुती मशीनमध्ये आता बहुतेक ट्यूब नसतेच, एलईडी असतात. इथेच सगळ्यात मोठी फसगत होते. ३६५ नॅनोमीटरचा एलईडी बनवायला महाग पडतो, ३९५ ते ४०५ नॅनोमीटरचा अगदी स्वस्त. त्या स्वस्त एलईडीचा बराचसा प्रकाश माणसाला जांभळा दिसतो, त्यामुळे तो ‘जास्त यूव्ही’ वाटतो. माशीच्या अतिनील पट्ट्याच्या तो अगदी काठावर येतो. पांढरा कागद त्याच्याखालीही चमकतो, धुण्याच्या पावडरीचा डागही चमकतो. म्हणजे दुकानात उभं राहून गिऱ्हाईक जी परीक्षा करू शकतं, तिच्यात दोन्ही दिवे पास होतात. फरक दाखवणारं साधन एकच, ३६५ नॅनोमीटरला जुळवलेला यूव्ही-ए मीटर (यूव्ही-ए म्हणजे अतिनील प्रकाशाचा, माशीला ओढणारा हाच भाग), आणि तो खिशात घेऊन कोणी खरेदीला जात नाही. गिऱ्हाइकाला डोळ्यांनी जे तपासता येत नाही, ते लिहून देण्याची जबाबदारी बनवणाऱ्यावरच असली पाहिजे.

एलईडीला सरसकट नावं ठेवण्यात मात्र अर्थ नाही. ३६५ चे चांगले एलईडी, मागे उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी आणि पुढे प्रकाश पसरवणारी काच असं जोडकाम असलेली व्यावसायिक मशीन ट्यूबपेक्षा कमी विजेत चालतात आणि त्यांत पाराही नसतो. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीच्या मिनामाता करारातल्या देशांनी २०२३ च्या बैठकीत साध्या प्रकाशासाठीच्या फ्लुरोसंट ट्यूब २०२७ पर्यंत बंद करायचं ठरवलं आहे. त्या ट्यूब बनवणारे कारखाने आवरते झाले की कीटकांच्या ट्यूबचाही पुरवठा आटत जाणार. एलईडीकडे जाणं अटळ आहे. म्हणूनच खोक्यावर तरंगलांबी छापण्याचा नियम आत्ताच हवा, नाहीतर येणाऱ्या काही वर्षांत बाजार जांभळ्या शोभेच्या दिव्यांनी भरून जाईल.

आता ट्यूबच्या वयाविषयी. आतल्या पावडरीची अतिनील प्रकाश देण्याची ताकद महिन्यागणिक उतरते. पण ट्यूबमधून दिसणारा निळा उजेड मुख्यतः पाऱ्याचा असतो, तो बराच काळ तसाच राहतो. त्यामुळे वर्षापूर्वीची ट्यूब माणसाला पहिल्या दिवसासारखीच निळी दिसते आणि माशीला मात्र ती विझत चाललेली असते. बहुतेक उत्पादक साधारण आठ हजार तासांनी ट्यूब बदलायला सांगतात. वर्षाचे तास ८,७६०, म्हणजे रात्रंदिवस चालणाऱ्या मशीनची ट्यूब वर्षाला एकदा बदलायचीच. ती माश्यांचा हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर बदलावी, संपल्यावर नव्हे. बसवताना ट्यूबच्या टोकावर मार्करने तारीख टाकावी. व्यावसायिक जागेत हे काम कीटक नियंत्रणाच्या कंत्राटातच लिहिलेलं असतं आणि तपासणीला येणारा माणूस ती तारीख पाहतो. घरात मशीन लागतं ते ट्यूब फुटेपर्यंत किंवा अजिबात पेटेनाशी होईपर्यंत. कितीतरी घरगुती मशीनमध्ये तर दिवा बदलण्याची सोयच नसते, एलईडी पट्टीवर कायमचे डकवलेले असतात. अशा मशीनचं आयुष्य दिव्याच्या आयुष्याएवढंच, आणि ते किती हे लिहिलेलं नसतं.

ताकदीचा फरक तर आकड्यांतच दिसतो. घरगुती ट्यूबच्या मशीनमध्ये बहुधा चार, सहा किंवा आठ वॅटची बारीक ट्यूब असते. आठ वॅटची ट्यूब जेमतेम एक फूट लांब आणि तिच्यातून यूव्ही-ए निघतो तो वॅटभर. व्यावसायिक मशीनमध्ये १५ वॅटच्या दीड फुटी किंवा १८ वॅटच्या दोन फुटी ट्यूब, एक नव्हे तर दोन किंवा तीन. १५ वॅटच्या एका ट्यूबमधून यूव्ही-ए साधारण तीन वॅट बाहेर पडतो.

तीन वॅट म्हणजे किती, हे कळायला एक सोपा हिशेब करू. तो प्रकाश सगळीकडे सारखा पसरला असं धरलं, तर दोन मीटरवर दर चौरस मीटरला ०.०६ वॅट पोचतो. मोकळ्या आभाळाखाली भर दुपारी दर चौरस मीटरला ४०–५० वॅट यूव्ही-ए पडत असतो, म्हणजे सातशे-आठशे पट. खिडकीची साधी काच ३५० नॅनोमीटरच्या वरचा बहुतेक यूव्ही-ए आत सोडते. उघड्या खिडकीशेजारी लावलेलं मशीन सूर्याशी स्पर्धा करतं आणि हरतं. दोनऐवजी चार मीटरवर गेलं की प्रकाश निम्मा होत नाही, पाव होतो. मशीन कुठे लावायचं याचे सगळे नियम या दोन गोष्टींतून येतात: खिडकीपासून आणि इतर जोरदार दिव्यांपासून दूर, खोलीतल्या त्यातल्या त्यात अंधाऱ्या भिंतीवर, दरवाजातून बाहेरून दिसणार नाही अशा बेताने. बाहेरून दिसलं तर ते आतल्या माश्या ओढण्याऐवजी बाहेरच्यांना आमंत्रण देतं. माश्यांसाठी उंची दीड ते दोन मीटर ठेवावी. छतालगत टांगलेलं मशीन झाडूच्या वाटेत येत नाही म्हणून सोयीचं पडतं, पण माश्या बहुतेक वेळ खालीच असतात.

ट्यूबवर चढणारा तेलकट धुळीचा थरही अतिनील प्रकाश खातो, म्हणून महिन्यातून एकदा प्लग काढून, ट्यूब थंड झाल्यावर ती कोरड्या किंवा किंचित ओल्या फडक्याने पुसावी. फुटल्यावर काचा अन्नात पडू नयेत म्हणून काही जण साध्या ट्यूबवर पॉलिकार्बोनेटची पारदर्शक नळी चढवतात. हेतू चांगला, पण पॉलिकार्बोनेट अतिनील प्रकाश अडवतं. म्हणजे दिवा पेटलेला दिसतो आणि मशीन बंद पडल्यासारखं असतं. यासाठी एफईपी नावाच्या फ्लोरिनयुक्त प्लास्टिकचा पातळ लेप कारखान्यातच दिलेल्या ट्यूब मिळतात. त्या प्रकाश जाऊ देतात आणि फुटल्या तरी काचा आतच धरून ठेवतात.

इथपर्यंतची गोष्ट माशीची. घरगुती मशीन विकली जातात ती मात्र डासांच्या नावाने, आणि माझा खरा राग या दाव्यावर आहे.

चावते ती डासाची मादी, आणि ती माणूस शोधते तो श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून, घामातल्या लॅक्टिक आम्लासारख्या वासांवरून आणि अंगाच्या उबेवरून. निळा दिवा तिच्या लेखी दुय्यम. डासांच्या अभ्यासासाठी सापळे लावणारे शास्त्रज्ञही दिव्याच्या जोडीला सुका बर्फ ठेवतात, तो कार्बन डायऑक्साइडसाठीच. डेंगी पसरवणारे एडिस डास तर मुख्यतः दिवसा चावतात, जेव्हा मशीनचा दिवा सूर्यापुढे फिका असतो. १९८३ साली अमेरिकेत अंगणात लावलेल्या अशा मशीनची चाचणी प्रसिद्ध झाली. मशीनमुळे डासांचे चावे कमी होत नाहीत, हा तिचा निष्कर्ष होता. १९९६ साली डेलावेअर विद्यापीठाच्या फ्रिक आणि टॅलमी या दोघांनी उपनगरातल्या सहा घरांच्या अंगणांतल्या मशीनमध्ये उन्हाळाभर मेलेले कीटक एकेक करून मोजले. एकूण भरले १३,७८९. त्यांत चावणारे, म्हणजे डास आणि चावऱ्या माश्या मिळून, फक्त ३१. हजारात सव्वादोन. उरलेल्यांपैकी ६,६७० होते पाण्यात वाढणारे, न चावणारे कीटक, जे मासे आणि पक्ष्यांचं खाद्य आहे. १,८६८ होते दुसऱ्या कीटकांना खाणारे किंवा त्यांच्यावर जगणारे, म्हणजे बागेचे राखणदार.

रात्री अंगणातून येणारा चटचट आवाज हीच या मशीनची सगळ्यात मोठी जाहिरात. प्रत्येक ‘चट’ ऐकला की घरातल्या माणसाला वाटतं, एक डास गेला. वरच्या हिशेबाने त्या हजार आवाजांत डासाचे फार तर दोन-तीन. बाकी पतंग, भुंगेरे, पाणमाश्या आणि डासांना खाणारे काही कीटकसुद्धा. रात्री फुलांवर फिरून परागीकरण करणारे पतंग प्रकाशाकडे हमखास ओढले जातात. अंगणात, गच्चीवर किंवा बागेत जाळीचं मशीन लावणं हे कामाचं तर नाहीच, नुकसानीचं आहे. ‘बाहेर वापरण्यासाठी’ म्हणून ही मशीन विकायला परवानगीच असू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. विजेच्या दृष्टीने पावसात सुरक्षित असणं वेगळं आणि बाहेर लावणं योग्य असणं वेगळं. खोक्यावरच्या जलरोधकतेच्या शिक्क्याने फक्त पहिल्याची खात्री मिळते.

काही कंपन्यांना डासांची ही अडचण ठाऊक आहे, म्हणून त्यांनी एक उपाय छापायला सुरुवात केली: आत टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप आहे, त्यावर अतिनील प्रकाश पडला की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि डास येतात. रसायनशास्त्राच्या पुस्तकात हे अर्धसत्य सापडेल. तो लेप हवेतून स्वतःवर बसलेल्या सेंद्रिय वाफांचंच ज्वलन करतो आणि त्या वाफा असतात नगण्य. एक माणूस दिवसाला साधारण किलोभर कार्बन डायऑक्साइड श्वासातून सोडतो. त्याच खोलीत झोपलेल्या माणसापुढे त्या लेपाची काय मातब्बरी? शेवटी डास माणसाकडेच जातो.

जाळीकडे वळू. लोकांचं लक्ष तिच्यावर सगळ्यात जास्त असतं, मशीनच्या कामात तिचा वाटा सगळ्यात कमी. १९११ साली ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ मासिकात अशा सापळ्याचं वर्णन आलं होतं. त्यात पाच साधे दिवे होते आणि जाळीला ४५० व्होल्ट. म्हणजे जाळीची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे, खरी सुधारणा झाली ती दिव्यात. व्यावसायिक मशीनमध्ये जाळीला दोन ते पाच हजार व्होल्ट मिळतात ते ट्रान्सफॉर्मरमधून, आणि तो करंट काही मिलीअँपियरपुरताच मर्यादित ठेवतो. हवेतून ठिणगी पडायला मिलिमीटरला साधारण तीन हजार व्होल्ट लागतात, म्हणून काही मिलिमीटर अंतरावरच्या तारांमध्ये एरवी काहीच घडत नाही. मध्ये कीटक आला की अंतर भरतं आणि करंट वाहतो. घरगुती मशीनमध्ये ट्रान्सफॉर्मरऐवजी डायोड आणि कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) यांची साखळी हजारभर व्होल्ट तयार करते. एक ठिणगी पडली की कपॅसिटर रिकामा होतो, पुन्हा भरायला वेळ लागतो. चिलटं मरतात. मोठी माशी नुसती बधिर होऊन ट्रेमध्ये पडते आणि थोड्या वेळाने चालती होते.

हाच कपॅसिटर साफसफाईत धोक्याचा असतो. प्लग काढल्यावरही जाळीवर भार शिल्लक राहू शकतो. म्हणून प्लग काढून काही मिनिटं थांबावं, मग प्लास्टिकच्या मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने शेजारच्या दोन तारा एकदा जोडून उरलेला भार उतरवावा, त्यानंतरच कोरड्या ब्रशने जाळी झाडावी. पाणी लावू नये. ही सफाई राहिली की जळालेले अवयव तारांमध्ये अडकून कोळसा होतात. कोळशातून वीज वाहते, मशीन कीटक नसतानाही सतत चरचरत राहतं, जळका आणि ओझोनचा तिखट वास येतो, तारा धरणाऱ्या प्लास्टिकवर काळे पट्टे उमटतात आणि शेवटी ट्रान्सफॉर्मर जातो. सतत चरचरणारं मशीन जोरात काम करत नसतं, ते बिघडलेलं असतं. पिठाची धूळ उडते अशा जागी तर ठिणगीचं मशीन लावूच नये, हवेत तरंगणारं पीठ पेट घेऊ शकतं.

अन्नाच्या जागी जाळीबद्दल याहून गंभीर आक्षेप आहे. जास्त व्होल्टेजने माशी फुटते आणि तिचे बारीक कण मशीनबाहेर उडतात. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्य विद्यापीठात अर्बन आणि ब्रोस यांनी २००० साली दाखवलं की जाळीवर मेलेल्या माश्यांमधून जिवाणू आणि विषाणू आसपास पसरतात, विशेषतः माशीच्या अंगावर बसलेले. अमेरिकेच्या अन्नसंहितेत म्हणूनच स्पष्ट अट आहे: कीटक मारणाऱ्या किंवा बधिर करणाऱ्या साधनाने मेलेला कीटक आतच धरून ठेवला पाहिजे आणि ते साधन अन्न तयार करण्याच्या जागेच्या वर असता कामा नये. याच कारणाने चांगल्या व्यावसायिक स्वयंपाकघरांत आता जाळी जाऊन तिच्या जागी ग्लू पॅडचं मशीन येतं. दिवा तोच, पण माशी मागच्या चिकट पुठ्ठ्यावर बसते आणि तिथेच राहते. ठिणगी नाही, आवाज नाही, कण नाहीत.

ग्लू पॅडचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. त्यावर काय सापडलं ते मोजता येतं. घरमाश्या जास्त असतील तर दरवाजा किंवा कचऱ्याची जागा पाहा. नाल्यातल्या केसाळ, पतंगासारख्या दिसणाऱ्या बारीक माश्या असतील तर सांडपाण्याच्या नाल्यावरच्या जाळीखाली साचलेला गाळ काढा. फळमाश्या असतील तर सडका माल शोधा. धान्यातले पतंग असतील तर गोदामातली जुनी पोती तपासा. अशा जागी मशीन मारण्याइतकंच निदान करण्याचं काम करतं. पॅड चार ते आठ आठवड्यांनी, धूळ जास्त असेल तर त्याआधीच बदलावं लागतं, कारण धुळीचा थर बसला की गोंद असून नसल्यासारखा. जाळीच्या मशीनचा ट्रे आठवड्याला तरी रिकामा करायचाच. ट्रेमध्ये साचलेल्या मेलेल्या कीटकांवर कातडी खाणारे भुंगेरे वाढतात आणि मग माश्या मारायचं मशीनच नव्या किडीचं घर होऊन बसतं.

एका धोक्याबद्दल मात्र अजिबात सवलत नको. जंतू मारणारी यूव्ही-सी ट्यूब १५ वॅटमध्ये तितक्याच लांबीची येते आणि तिच्याही पिनांमधलं अंतर १३ मिलिमीटरच असतं. ती कीटकांच्या मशीनमध्ये बसते आणि पेटतेही. तिच्या काचेला आतून पावडर नसते आणि ती २५४ नॅनोमीटरचा प्रकाश सरळ बाहेर सोडते. त्याच्या उजेडात काही मिनिटं राहिलं तरी डोळे आणि कातडी भाजू शकते, आणि त्रास जाणवतो तो काही तासांनी, डोळ्यांत वाळू गेल्यासारखा. ओळख सोपी आहे. विझलेली असताना कीटकांची ट्यूब दुधी पांढरी दिसते, बीएलबी काळपट जांभळी, आणि जंतुनाशक ट्यूब आरपार स्वच्छ. आरपार दिसणारी ट्यूब या मशीनमध्ये कधीही बसवू नये. नुसतं ‘यूव्ही ट्यूब’ म्हणून विक्री होण्यातला धोका इथे कळतो.

तर मागणी अशी. प्रत्येक मशीनवर, घरगुती असो वा व्यावसायिक, चार गोष्टी छापणं बंधनकारक करा: दिव्याची सर्वाधिक तीव्रतेची तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये, नव्या दिव्यातून बाहेर पडणारा यूव्ही-ए वॅटमध्ये, दोन हजार तासांनी तो किती उरतो, आणि दिवा कधी व कोणत्या जातीचा बदलायचा. चौरस फुटांचा दावा करायचा असेल तर चाचणीची परिस्थिती सोबत द्या. ‘डास मारतं’ असं लिहायचं असेल तर माणूस हजर असलेल्या खोलीत चावे किती कमी झाले, याचा पुरावा द्या. तो नसेल तर ‘डास’ हा शब्द आणि डासाचं चित्र दोन्ही काढा.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे: सामान्य गिऱ्हाइकाला नॅनोमीटर काय कळणार? हाच आक्षेप साध्या दिव्यांवर लुमेन, म्हणजे उजेडाचं माप, छापताना घेतला गेला असता, तर आजही लोक वॅटवरूनच उजेड मोजत बसले असते. पहिल्या दिवशी कोणालाच कळत नाही. पण आकडा छापलेला असला की दुकानदार विचारतो, तुलना करणारे लिहितात, आणि दोन-तीन वर्षांत ‘३६५ चा आहे का?’ हा साधा प्रश्न होतो. दुसरा आक्षेप लहान उत्पादकांच्या खर्चाचा. एलईडी किंवा ट्यूब बनवणाऱ्याकडे तरंगलांबीचा आणि ताकदीचा तक्ता असतोच, जुळणी करणाऱ्याने तो मागून घ्यायचा आणि छापायचा. ज्याला तो तक्ता मिळत नाही, त्याला आपण काय विकतो हेच माहीत नाही, आणि त्याने ते न विकलेलं बरं.

आणि डासांनी हैराण झालेल्या घराने तोवर काय करावं? एडिसची पैदास घरातल्याच पाण्यात होते आणि उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून कूलर, कुंडीखालच्या बशा, फ्रिजमागचा ट्रे, उघड्या टाक्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून आतून घासून काढाव्यात, कारण अंडी कडेला चिकटून कोरडी राहूनही जगतात. खिडक्यांना जाळ्या, रात्री मच्छरदाणी, आणि अंगावर सरळ वारा येईल असा पंखा. डास दुबळा उडणारा असतो आणि पंखा श्वासाचा वासही विखरून टाकतो. घरात माश्याच असतील तर १५ वॅटच्या एका ट्यूबचं, ग्लू पॅडचं मशीन घ्या आणि ते ओट्याच्या वर लावू नका.

राहिली एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. खोकं पहिल्याच दिवशी रद्दीत जातं आणि ट्यूब बदलायची वेळ येते वर्षाने. तेव्हा मशीन उघडणाऱ्या माणसापुढे नुसते दोन होल्डर असतात. म्हणून हे चार आकडे खोक्यावर तर हवेतच, पण ट्यूबच्या होल्डरशेजारी धातूवर कोरूनही हवेत. सोबत ‘पारदर्शक ट्यूब बसवू नका’ ही ओळ, आणि ट्यूब बसवल्याची तारीख लिहायला एक रिकामी चौकट.